पीएचडीचा गाईड निवडण्याआधी: संशोधकाची प्रकाशनसूची आणि सायटेशन्स कशी वाचायची

एमएस्सी झाली, नेट-जेआरएफ हातात आली, आता मॉलिक्युलर बायॉलॉजीत पीएचडीसाठी लॅब शोधायची आहे. लॅबच्या पानावर लिहिलेलं असतं: ८४ पेपर, ४,६०० सायटेशन्स, एच-इंडेक्स ३१ (म्हणजे निदान ३१ सायटेशन्स मिळालेले ३१ पेपर). बरेच विद्यार्थी चार-पाच लॅबचे असे आकडे वहीत उतरवतात आणि सगळ्यात मोठ्या आकड्यापुढे खूण करतात. पुढची पाच-सहा वर्षं त्या खुणेवर जातात, म्हणून हा लेख सविस्तर लिहितो आहे.

सायटेशन हा वापराचा हिशेब आहे. एखादा पेपर इतरांच्या किती पेपरांत उल्लेखला गेला एवढंच तो सांगतो. प्रयोग कुणी केले, कल्पना कुणाची होती, निष्कर्ष टिकले का, त्या लॅबमधल्या मुलांचं पुढं काय झालं, हे त्या आकड्यात सापडत नाही. यातलं बरंचसं त्याच प्रकाशनसूचीत मात्र सापडतं, फक्त पेपर उघडावे लागतात. एका संशोधकासाठी दोन संध्याकाळी पुरतात. लागणारी जवळपास सगळी साधनं फुकट आहेत.

पायरी १: माणूस तोच आहे ना?

पबमेडमध्ये (जीववैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत) ‘कुलकर्णी ए’ किंवा ‘पाटील एस’ असं शोधून पाहा. पेपरांचा ढीग येईल आणि त्यात हृदयरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ सगळे असतील. आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. आडनावं थोडी आणि माणसं पुष्कळ, त्यात मधलं नाव कधी लिहिलं जातं, कधी गाळलं जातं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांचे सुरुवातीचे पेपर तर वेगळ्याच नावाखाली राहून जातात. शिवाय २००२ च्या आधीच्या पबमेड नोंदींत बहुधा आडनाव आणि आद्याक्षरंच असतात, आणि २०१४ च्या आधी पहिल्या लेखकाचाच पत्ता नोंदवण्याची पद्धत होती. म्हणून जुन्या पेपरात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलेल्या माणसाची संस्था तिथं दिसत नाही. त्यासाठी मूळ पेपरच काढावा लागतो.

सुरुवात ऑर्किडपासून करा. हा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून दिला जातो आणि नाव बदललं तरी तो तोच राहतो. मात्र तिथली यादी संशोधकानं स्वतः भरलेली असते, त्यामुळे ती अर्धवट असू शकते. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये उलटी अडचण येते. तिथं यंत्र आपोआप पेपर जोडतं आणि त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचे पेपर आत शिरतात. पीक-रोगांवर काम करणाऱ्याच्या यादीत अचानक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवरचा पेपर दिसला, तर लगेच संशय घ्यायचं कारण नाही. तो बाजूला काढा आणि आकडा नव्यानं मोजा.

पायरी २: स्वतःची यादी करा

एक एक्सेल शीट उघडा. रकाने असे: वर्ष, जर्नल, पेपरचा प्रकार, एकूण लेखक, यांचा क्रमांक कितवा, करस्पाँडिंग ऑथर (पेपरबद्दलच्या पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेले लेखक) आहेत का, सायटेशन्स, आणि शेवटी ‘शेरा’. प्रकारात मूळ संशोधन, रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा), पद्धतीचा पेपर, पुस्तकातलं प्रकरण आणि प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी खुला केलेला पेपर) वेगवेगळे ठेवा. परिषदेतले गोषवारे आणि शुद्धिपत्रं मोजू नका. बायोआर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं संकेतस्थळ २०१३ साली सुरू झाल्यापासून बरेच पेपर आधी तिथं येतात आणि नंतर जर्नलमध्ये. असा पेपर एकदाच धरायचा. एवढं केलं की ८४ चे बऱ्याचदा साठ-पासष्ट उरतात, आणि तोच आकडा पुढं वापरायचा.

पायरी ३: नावांचा क्रम

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

गणितात किंवा सैद्धांतिक भौतिकशास्त्रात लेखकांची नावं अनेकदा वर्णानुक्रमे लावतात. मॉलिक्युलर बायॉलॉजीत क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं, म्हणजे बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याचं). शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं: कल्पना, निधी आणि जबाबदारी त्यांची. मधली नावं मदतीची, आणि ती मदत एका वेस्टर्न ब्लॉटपासून (प्रथिन ओळखण्याच्या नेहमीच्या चाचणीपासून) वर्षभराच्या कामापर्यंत काहीही असू शकते.

डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या क्रिस्पर तंत्राचा २०१२ सालचा ‘सायन्स’मधला पेपर घ्या. त्यावर सहा नावं आहेत. पहिली दोन मार्टिन यिनेक आणि क्रिस्टॉफ खिलिन्स्की यांची, दोघांचं योगदान समान असल्याची टीप खाली आहे. यिनेक बर्कलीत जेनिफर डाउडना यांच्याकडे पोस्टडॉक होते, खिलिन्स्की इमॅन्युएल शार्पेंतिए यांचे विद्यार्थी. शेवटची दोन नावं डाउडना आणि शार्पेंतिए यांची, आणि दोघीही करस्पाँडिंग ऑथर. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघींना मिळालं. दोन लॅब, प्रत्येकीतला एक हात आणि एक मेंदू, हे सगळं त्या एका ओळीत लिहिलेलं आहे. दुर्दैवानं सायटेशनचा आकडा सहाही जणांच्या खात्यात सारखाच जमा होतो.

संकेताला अपवाद असतात आणि तेही बोलके असतात. डीएनएचा क्रम वाचण्याची साखळी-खंडन पद्धत १९७७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा फ्रेडरिक सँगर यांना पहिलं नोबेल मिळून १९ वर्षं झाली होती. तरी त्या पेपरवर त्यांचं नाव पहिलं आहे, पुढं निकलेन आणि कूलसन. निवृत्तीपर्यंत सँगर स्वतः बेंचवर उभे राहून काम करत होते. १९८० चं दुसरं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

आता तुमच्या शीटमध्ये तीन गोष्टी शोधा.

पहिली, नाव पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर कोणत्या वर्षी गेलं. ती त्यांची स्वतःची लॅब उभी राहिल्याची खूण. त्यानंतरच्या पेपरांवर त्यांचे जुने गाईड किंवा पोस्टडॉकचे बॉस अजूनही शेवटी दिसत असतील, तर स्वतंत्र दिशा कितपत सापडली हा प्रश्न रास्त आहे.

दुसरी, एकूण पेपरांत मधल्या जागेचे किती. सत्तर पेपरांतल्या पन्नासांत नाव मध्येच असेल, तर ती व्यक्ती उत्तम सहकारी असेल, एखादं महागडं यंत्र सांभाळत असेल किंवा मोठ्या गटाची सदस्य असेल. त्यात कमीपणा काही नाही. पण त्या सायटेशन्स बघून त्यांच्या लॅबमधल्या विज्ञानाचा अंदाज बांधू नका. पहिल्या आणि शेवटच्या जागेवरचे पेपर गाळून घ्या आणि यापुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच करा.

तिसरी गोष्ट तुमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची: पहिली नावं कुणाची आहेत? शोधगंगेवर गाईडचं नाव टाकलं की त्यांच्याकडे पीएचडी केलेल्यांचे प्रबंध दिसतात. सगळ्या संस्थांचे प्रबंध तिथं नसतात, पण विद्यापीठांशी जोडलेल्या बऱ्याच लॅबची माहिती मिळते. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव पबमेडमध्ये शोधा. पहिल्या लेखकाचा पेपर आला का? प्रबंधाआधी आला की तीन वर्षांनी? दोन-तीन विद्यार्थ्यांच्या नावावर एकही पेपर नसेल आणि गाईडच्या नावावर मात्र दरवर्षी सहा-सात येत असतील, तर मुलाखतीच्या आधी त्या लॅबमधल्या कुणाशी तरी फोनवर बोला.

अलीकडच्या पेपरांत शेवटी ‘लेखकांचं योगदान’ अशी ओळ असते. बरीच जर्नल त्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची पद्धत वापरतात: कल्पना, प्रयोग, विश्लेषण, निधी, लेखन वगैरे. ती वाचायला अर्धं मिनिट लागतं.

पायरी ४: सायटेशन्स कुठून घ्यायच्या

यूजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियात १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, त्याचं आजचं रूप म्हणजे वेब ऑफ सायन्स. दुसरं स्कोपस. या दोन्हींना वर्गणी लागते, ग्रंथालयात विचारा. तिसरं गूगल स्कॉलर. ते प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा जवळपास नेहमीच मोठा असतो. एकाचा आकडा स्कोपसवरून आणि दुसऱ्याचा गूगलवरून घेऊन तुलना करू नका, आणि आकड्याशेजारी तारीख लिहून ठेवा.

चौथं साधन आपल्याकडे फारसं वापरलं जात नाही, पण मॉलिक्युलर बायॉलॉजीसाठी मला तेच सर्वांत उपयोगी वाटतं: अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचं ‘आयसाइट’. पबमेडमधले पेपर त्यात टाकले की प्रत्येकाचा ‘सापेक्ष सायटेशन गुणोत्तर’ हा आकडा मिळतो. पेपर ज्या विषयात आहे तिथल्या सायटेशनच्या वेगाशी तो तुलना करतो. एनआयएचच्या निधीतून झालेल्या पेपरांचा मध्यक १ धरलेला आहे, म्हणजे २ आलं तर त्याच्या दुप्पट. कर्करोगावर हजारो लॅब काम करतात आणि एखाद्या दुर्लक्षित बुरशीवर मोजक्याच. त्यामुळे बुरशीवाल्याच्या ४० सायटेशन्स कर्करोगवाल्याच्या २०० पेक्षा वजनदार असू शकतात, आणि ते इथं दिसतं.

पायरी ५: एच-इंडेक्स हातानं काढा

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली हा आकडा सुचवला. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमानं लावा: ९०, ४०, २२, ९, ६, ५, २, १. पाचव्या पेपरला ६ सायटेशन्स आहेत, म्हणजे पाचापेक्षा कमी नाहीत. सहाव्याला ५ च आहेत, म्हणून तिथं थांबायचं. एच-इंडेक्स ५.

आता पहिल्या पेपरच्या ९० ऐवजी ९,००० करा. उत्तर ५ च राहतं. एकच क्रांतिकारक काम करणारा माणूस या आकड्यात दिसत नाही. शिवाय तो वयाबरोबर वाढतो आणि कधी कमी होत नाही, त्यामुळे वीस वर्षांच्या कारकिर्दीचे प्राध्यापक आणि चार वर्षांपूर्वी लॅब सुरू केलेली व्यक्ती यांची त्यावरून तुलनाच होत नाही. हिर्श यांनीच एक सोपा उपाय दिला होता: एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागा. जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मुळातच मोठे असतात, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. गूगलचा आय-१० इंडेक्स म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशन्स असलेल्या पेपरांची संख्या, त्यावर वेळ घालवू नका.

पायरी ६: सायटेशन कशासाठी मिळालं?

जगात सर्वांत जास्त सायटेशन्स मिळालेला पेपर तुम्ही प्रॅक्टिकलला वापरला आहे. ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा. ‘नेचर’नं २०१४ साली वेब ऑफ सायन्सवरून पहिल्या शंभर पेपरांची यादी केली तेव्हा त्याच्या सायटेशन्स तीन लाखांवर होत्या. दुसरा लेमली यांचा १९७० चा, तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा. म्हणजे पहिले तीनही प्रथिनं मोजणं किंवा वेगळी करणं यांच्याशी बांधलेले. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा १९५३ चा पेपर त्या शंभरांत नाही.

लेमलींच्या पेपरची गोष्ट तर विलक्षण आहे. तो जेल चालवण्याच्या (जेलमधून प्रथिनं वेगळी करण्याच्या) पद्धतीवर लिहिलेलाच नाही. जिवाणूंना मारणाऱ्या टी-४ विषाणूचं डोकं तयार होताना त्यातली प्रथिनं कशी कापली जातात, हा त्याचा विषय. त्यासाठी सुधारून वापरलेली जेलची पद्धत जगभर पोचली आणि दोन लाखांवर सायटेशन्स तिच्यासाठी मिळाल्या. उल्लेख करणाऱ्या बहुतेकांना टी-४ शी काही देणंघेणं नव्हतं.

याची दुसरी बाजू आपल्या देशातली आहे. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मद्रास विद्यापीठातून १९६३ साली प्रथिनांच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत हे दाखवलं. तो ‘रामचंद्रन प्लॉट’ पाठ्यपुस्तकात आहे, आणि प्रथिनांची नवी रचना तपासताना तो आजही काढला जातो. पण नाव घेऊन तो वापरणारे सगळे १९६३ च्या पेपरचा संदर्भ देतातच असं नाही. काम इतकं अंगवळणी पडलं की त्याची नोंद करायची कुणाला गरजच वाटत नाही. माझ्या मते हा विज्ञानातला सर्वांत मोठा मान आहे, आणि सायटेशनच्या आकड्यात तो उणा दिसतो.

तेव्हा शीटमधले सर्वांत जास्त सायटेशन्स असलेले पाच पेपर घ्या आणि प्रकार बघा. रिव्ह्यू असतील तर लक्षात ठेवा की रिव्ह्यूंना मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन्स मिळतात, कारण प्रस्तावनेत एकच संदर्भ देऊन भागतं. शंभर-दोनशे लेखकांचा जीनोम प्रकल्प असेल तर तो वेगळा काढा. मग उरलेल्यांपैकी एक पेपर निवडा, गूगल स्कॉलरवर त्याला उल्लेखणाऱ्यांची यादी उघडा आणि त्यातल्या दहा पेपरांत जाऊन ते नेमकं वाक्य वाचा. ‘अनेक गटांनी दाखवलं आहे की…’ अशा घाऊक वाक्यात पाच जणांबरोबर नाव आलं आहे, की ‘यांच्या निष्कर्षावरून आम्ही हा प्रयोग आखला’ असं म्हटलं आहे? की ‘आम्हाला तसं आढळलं नाही’ असं? तिन्ही ठिकाणी सायटेशन एकच मोजलं जातं. याच वेळी स्वतःच्या लॅबनं केलेले उल्लेख किती हेही दिसेल. एकाच जनुकावर पंधरा वर्षं काम करणाऱ्याला आपले जुने पेपर सांगावेच लागतात, तेव्हा थोडे असणं स्वाभाविक आहे. यादी निम्म्याहून अधिक घरचीच असेल, तर तसा शेरा लिहा.

पायरी ७: वर्षागणिक आलेख

एकूण आकड्यापेक्षा त्याचा आकार बघा. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा आरएनएतल्या बदललेल्या घटकांवरचा पेपर ‘इम्युनिटी’त २००५ साली आला. पहिलं नाव कारिको, शेवटचं वाइसमन. निधी मिळत नाही म्हणून त्याच्या दहा वर्षं आधी, १९९५ मध्ये, कारिको यांची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदावनती झाली होती. पेपर आल्यावरही फारसा गाजावाजा झाला नाही. पंधरा वर्षांनी कोविडच्या एमआरएनए लसी याच पायावर उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. उलट आरएनए-हस्तक्षेपाचा (आरएनएनं जनुक गप्प करण्याचा) फायर आणि मेलो यांचा १९९८ चा पेपर लगेच उचलला गेला आणि आठच वर्षांत, २००६ मध्ये, नोबेलपर्यंत पोचला.

यावरून कमी सायटेशन्सच्या प्रत्येक पेपरात नोबेल दडलंय असं समजू नका. पण दोन-तीन वर्षांच्या पेपरचा आकडा बघून निकाल देऊ नका, आणि शिखर दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या प्रोफाइलपेक्षा हळूहळू चढणाऱ्या प्रोफाइलकडे जास्त लक्ष द्या.

पायरी ८: जर्नलचं नाव

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा किंवा माणसाचा नसतो. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या २०२२ आणि २०२३ मधल्या लेखांना २०२४ मध्ये मिळालेल्या सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. साधी सरासरी, आणि सरासरी एका मोठ्या आकड्यानं कुठल्या कुठं जाते. ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये सुमारे २ होता, २००९ मध्ये तो जवळजवळ ५० झाला. कारण एकच, शेल्ड्रिक यांचा शेलएक्स सॉफ्टवेअरवरचा २००८ चा पेपर. तो दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडताच आकडा पुन्हा २ वर आला. त्या काळात तिथं छापलेले बाकीचे पेपर होते तसेच होते. पेशी-जीवशास्त्रज्ञांच्या २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून निघालेलं ‘डोरा’ जाहीरनामापत्र म्हणूनच सांगतं की माणूस निवडताना जर्नलचा आकडा वापरू नये.

जर्नल बनावट नाही ना, एवढं मात्र तपासाच. आपल्याकडे २०१८ पासून यूजीसी-केअरची यादी होती, तिचं कामकाज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये आयोगानं ती बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली. तुम्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नल सध्या मेडलाइनमध्ये (त्याच ग्रंथालयाच्या निवडक जर्नलांच्या सूचीत) आहे का ते बघा. नुसतं पबमेडवर दिसणं पुरेसं नाही, कारण तिथं इतर वाटांनीही पेपर येतात.

पायरी ९: मागे घेतलेले पेपर

मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफ या संस्थेनं घेतला, तो आता सर्वांना खुला आहे. नाव टाका. मग पबपीअरवर टाका, तिथं वाचक पेपरांतल्या शंका मांडतात. आपल्या क्षेत्रात हे टाळून चालणार नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपरांतल्या आकृत्या डोळ्यांनी तपासल्या, तेव्हा ३.८ टक्क्यांत एकच प्रतिमा अयोग्य रीतीनं पुन्हा वापरलेली आढळली. वेस्टर्न ब्लॉटचा एकच पट्टा दोन प्रयोगांत, असे प्रकार.

सापडलेलं काळजीपूर्वक वाचा. स्वतःच चूक ओळखून पेपर मागे घेणारा संशोधक आणि दहा पेपरांवरच्या आक्षेपांना उत्तर न देणारा संशोधक यांत फार अंतर आहे. पहिल्याकडे मी निश्चिंतपणे विद्यार्थी पाठवीन.

पायरी १०: सूचीबाहेरच्या खुणा

जीनबँकेत क्रम, प्रोटीन डेटा बँकेत रचना, अॅडजीनवर प्लास्मिड (प्रयोगात वापरायचे डीएनएचे गोल तुकडे) ठेवलेत का, बघा. आपली साधनं मागेल त्याला देणारी लॅब बहुधा आपल्या निकालांबद्दल निर्धास्त असते.

आता अर्ध्या पानाचं टिपण लिहा: प्रमुख लेखक म्हणून किती मूळ पेपर, त्यांतले तीन महत्त्वाचे कोणते आणि का, विद्यार्थ्यांचे पहिले पेपर कधी आले, कुठं शंका आहे. मुलाखतीला जाताना त्यातला एक पेपर आकृत्यांसकट वाचून जा आणि सर किंवा मॅडमना विचारा: यातला कोणता निष्कर्ष आज तुम्ही वेगळ्या प्रयोगानं पुन्हा तपासाल? उत्तर देताना त्या व्यक्तीचे डोळे चमकतात की विषय बदलतो, हे नीट पाहा.

लॅब नवी असेल तर शीट जवळपास रिकामी निघेल. अशा वेळी त्यांच्या पोस्टडॉकच्या काळातले पहिल्या लेखकाचे पेपर वाचा, निधी कुठून आणि किती वर्षांचा आहे ते विचारा, आणि तिथं आधी लागलेल्या मुलांना कँटीनमध्ये गाठून चहा घ्या.